दोन हजारांच्या आत

माझी उंची चार फूट नऊ इंच आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची तीन फूट. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. एवढं सांगितल्यावर शहाण्या माणसाला पुढचं सांगावं लागू नये. विश्रांतवाडीतला हा फ्लॅट आम्ही चौऱ्याऐंशी साली घेतला, तेव्हापासून मी पाटावर उभी राहून स्वयंपाक केला. एकोणीस वर्षं. एवढा वेळ उंचावर उभं राहायला पुढाऱ्यांनाही मिळत नाही.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत पाट सरकला आणि मी पडले. उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी पाट बंद केला, हात वर न्यायचा नाही म्हणून बजावलं आणि फीचे पैसे ड्रॉवरमध्ये टाकता टाकता म्हणाले, "एक तर ओटा खाली घ्या, नाहीतर स्वयंपाक सोडा."

आमचा मुलगा रोहन हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो आणि सून चैताली वाकडला राहतात, रविवारी जेवायला येतात. त्यानं डॉक्टरांच्या वाक्याचं दुसरं टोक तेवढं उचललं.

"सिंपल आहे आई. कुक ठेवू. आमच्या बिल्डिंगमध्ये येतात त्या मथुराबाई एक जूनपासून फ्री आहेत. मी बोलून टाकतो."

म्हणजे कुणी मथुराबाई माझ्या वरणात गूळ टाकणार आणि मी टीव्हीसमोर बसून ते निमूट गिळणार. मला इतका राग आला की मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही. या घरात हॉल यांचा, कपाट यांच्या फायलींचं, गॅलरी कबुतरांची. माझं म्हणावं असं ते एक स्वयंपाकघर. तेही एक जूनला जाणार होतं. तोवर ओटा खाली आला तर माझा, नाहीतर मथुराबाईंचा.

तुम्ही म्हणाल, मग ओटा खाली घ्यायचा, त्यात काय मोठं. तुम्ही यांना ओळखत नाही.

हे म्हणजे बाबुराव गजभिये, निवृत्त उपअभियंता. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीनं पुण्यात आणलं. एका सरकारी खात्यात यांनी छत्तीस वर्षं अंदाजपत्रकं केली. पूल, मोऱ्या, विश्रामगृहं. काम सुरू होण्याआधी त्याला किती पैसा लागेल ते कागदावर मांडायचं, ही यांची विद्या, आणि ती यांना उत्तम येते हे मी नाकारत नाही. सिमेंटचं एक पोतं इकडचं तिकडे झालं तर यांना जेवण जात नाही. फक्त अंदाजपत्रकाचं पुढे काय होतं, याच्याशी यांना कधी फारसं देणंघेणं नव्हतं. पूल बांधणारे दुसरे असायचे.

ओटा खाली घ्या, असं मी पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव साली म्हणाले. हे लगेच टेप घेऊन आत आले, आठ दिवस खपले आणि अकरा हजार चारशे रुपयांचं अंदाजपत्रक माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, करा. हे म्हणाले, थांब, ओटा तोडला की मागच्या टाइल्स फुटणार, त्या धरल्या नाहीत. टाइल्स धरल्या. तर टाइल्सच्या आतून जाणारा पाइप चौऱ्याऐंशीचा निघाला. तो बदलायचा तर बाथरूमची भिंत फोडावी लागणार, भिंत फोडली की तिकडची फरशी आलीच. मध्येच खात्याचे नवे दर निघायचे, की सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून. असं करत पाच वर्षांत पाच अंदाजपत्रकं झाली. शेवटचं एक लाख शहाऐंशी हजार चारशे पन्नासचं होतं आणि त्यात गॅलरीची जाळी होती. ती कुठल्या वाटेनं आत शिरली ते मी विचारलं नाही. अंदाजपत्रक करणारे हेच आणि निधी नाही म्हणून नामंजूर करणारेही हेच. ओटा जागच्या जागी होता.

मध्यंतरी रोहननं ते अंदाजपत्रक काँप्युटरवर घालून द्यायचं ठरवलं. अर्ध्या तासात बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, प्लास्टरला आठ ब्रास कशाला? पितळ किती महाग आहे आज."

यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. गवंड्यांचं माप आहे. तुमच्या हिंजवडीच्या काचेच्या इमारती कशानं मोजल्या रे? गिगाबाइटनं?"

त्यानंतर रोहननं आमच्या बांधकामात लक्ष घातलं नाही. एकदाच एका शोरूमचं चकचकीत पुस्तक आणलं, तीन लाखांचं मॉड्युलर किचन, दरमहा हप्ता. हे म्हणाले, "कर्ज काढून फोडणी द्यायची पद्धत आमच्याकडे नाही." इथे मात्र मी यांच्या बाजूची होते.

आता आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. खर्चाचे अधिकार ठरलेले. लग्न झालं तेव्हा माझी मर्यादा पन्नास रुपये होती. ती वाढत वाढत, पाचवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा यांनी मोठ्या मनानं दोन हजार केली. दोन हजारांच्या आतला खर्च माझा, त्यावर यांनी 'का' म्हणून विचारायचं नाही. त्याच्या वर एक रुपया गेला तरी लेखी प्रस्ताव. आणि खरं सांगायचं तर हा नियम यांनी स्वतः कधी मोडला नाही. एकदा पहिला मिक्सर चालू असताना मी अठराशेचा दुसरा आणला, तरी हे तोंड मिटून बसले होते.

एप्रिलच्या शेवटी यांचे जुने सहकारी रावसाहेब आले. निवृत्त माणसं एकत्र आली की चालू माणसांची निंदा करतात, तसं चाललं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा रावसाहेब कुठल्याशा तरुण अभियंत्याबद्दल सांगत होते.

"संरक्षक भिंत बांधायची होती. रक्कम मोठी, वरच्या साहेबाची सही लागणार. या पठ्ठ्यानं काय करावं? भिंतीचे नऊ तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा बरोबर त्याच्या अधिकारात बसणारा. नऊ कामं, नऊ बिलं. भिंत एकच, आणि सही कुणाचीच नाही."

यांनी कप खाली ठेवला. "कामाचे तुकडे पाडणं म्हणजे चोरी आहे, रावसाहेब. मी छत्तीस वर्षांत एका कामाचे तुकडे पाडले नाहीत."

हे खरं आहे. एका साहेबानं पाडायला सांगितले, यांनी नकार दिला, आणि आमची बदली गडचिरोलीला झाली. आमची म्हणजे यांची. रोहनची शाळा म्हणून मी दोन वर्षं इथे एकटी राहिले. तत्त्व यांचं होतं, सिलिंडर ओढत आणणारी मी होते. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, मला अभिमानच होता आणि आहे.

पण त्या दिवशी हातात ट्रे घेऊन मी तिथेच उभी राहिले. नऊ तुकडे, मी मनात म्हटलं. माझं सातात भागेल.

लोहगावचा सोनबा गवंडी आमच्या सोसायटीच्या गच्चीचं काम करायला यायचा. त्याला जिन्यात गाठलं.

"सोनबा, काम एक आहे, पण बिलं सात हवीत. आणि एकही दोन हजारांच्या वर जाता कामा नये."

"बाई, आमचं समदं तोंडी आसतंय. बिल कशाला?"

"घरात साहेब आहेत."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "सही माझी, अक्षर तुमचं."

पुढचे आठ दिवस मी जे केलं त्याला यांच्या खात्यात निदान चौकशी लागली असती. पाडकाम आणि राडारोडा उचलणं, नऊशे पन्नास. विटा, वाळू, सिमेंट मिळून सतराशे ऐंशी. सोनबाची मजुरी सोळाशेवर तोडली. वर घालायच्या काळ्या कडप्प्याला लादीवाला तेवीसशे मागत होता, मी कोपरा उडालेली लादी एकोणीसशे साठला घेतली आणि तो कोपरा भिंतीकडे ढकलायचं ठरवलं. टाइल्स बावीसशे चाळीसच्या होत होत्या, म्हणून शेगडीच्या मागेच टाइल आणि मिक्सरच्या मागे नुसता रंग, असं करून एकोणीसशे नव्वदवर आणल्या. दुकानदार म्हणाला, बाई, अडीचशे रुपयांसाठी भिंत अर्धी ठेवता? मी म्हटलं, माझ्या अधिकाराचा प्रश्न आहे. त्याला काही कळलं नाही, पण सिंकवर त्यानं आपणहून पन्नास रुपये सोडले.

सात मेला सकाळी साडेनऊला सोनबानं पहिला घाव घातला. हे पेपर घेऊन धावत आत आले.

"हे काय चाललंय?"

मी बिल पुढे केलं. "पाडकाम. नऊशे पन्नास."

यांनी बिल वाचलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली, ओट्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून मिटलं. नऊशे पन्नासवर 'का' म्हणून विचारता येत नव्हतं. हे परत हॉलमध्ये गेले. पेपरचं पान तासभर उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विटा-वाळू आली. सतराशे ऐंशी. हे जिन्यात उभे राहून विटा मोजत होते, चार फुटक्या निघाल्या त्या परत पाठवल्या, पण बोलले नाहीत. मी शेगडी गॅलरीत मांडली होती, तिथून मला यांची पाठ दिसत होती. मला हसू येत होतं आणि ते दाबल्यानं खांदा दुखत होता.

तिसऱ्या दिवशी हमालानं कडप्पा आणून भिंतीला टेकवला आणि मी एकोणीसशे साठचं बिल यांच्या हातात दिलं. यांनी खिशातून आधीची दोन काढली. तिन्ही टेबलावर एकाखाली एक लावली.

"अजून किती आहेत?"

"चार."

"सगळी दोन हजारांच्या आत?"

"सगळी."

"तू तुकडे पाडलेस," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी पुरून उरले असते. "माझ्या घरात, माझ्याच नियमानं तुकडे पाडलेस. गडचिरोलीला मी काय हवा खायला गेलो होतो?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला खरंच वाईट वाटलं. यांना वर्मी लागेल हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, म्हणून तर मजा येत होती.

"सोनबा, काम बंद," हे म्हणाले. "रीतसर होईल. पाच अंदाजपत्रकं काय मी झोपेत केली?"

"रीतसर कधी?" मी म्हटलं. "एक जूनला मथुराबाई येणार. ओटा तुटलाय. आता त्यांच्यासाठी बांधता का रीतसर?"

सोनबा थापी घेऊन आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. नवरा-बायकोच्या भांडणात मजुरी बुडते, हा त्याचा अनुभव असावा. तो अगदी गरिबीनं म्हणाला, "साहेब, बंद तर बंद. पर हाइट किती धरायची व्हती, तेवढं सांगून ठेवा. मी इटा मोजून घेतो."

आता गवंड्यानं माप विचारलं आणि यांनी सांगितलं नाही असं आयुष्यात झालेलं नाही. राग एका बाजूला राहिला. हे कपाटाकडे गेले, पाचवं अंदाजपत्रक काढलं, बोटानं ओळी खाली उतरत बाब क्रमांक चौदावर आले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "काळ्या दगडाचा ओटा, लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट, उंची प्रमाण नकाशाप्रमाणे. तीन फूट."

"किती?" मी विचारलं.

"तीन फूट."

"आणि तोडला तो किती होता?"

हे उत्तर द्यायला गेले आणि थांबले. सोनबानं भिंतीवरच्या जुन्या ओट्याच्या खुणेला टेप लावला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लावला. "तीनच हाय की, साहेब."

यांनी चौथं अंदाजपत्रक काढलं. मग तिसरं, दुसरं, पहिलं. पाचही टेबलावर उघडी पडली. पाचही ठिकाणी बाब वेगळी, दर वेगळा, रक्कम वेगळी. उंची मात्र तीच, प्रमाण नकाशाप्रमाणे, म्हणजे खात्याच्या ठरलेल्या मापाची. ओटा मोजतात तो चौरस फुटात, लांबी गुणिले रुंदी. उंचीला दर नसतो. आणि ज्याला दर नाही ते यांच्या नजरेला दिसत नाही. एक लाख शहाऐंशी हजार खर्च करून, बाथरूम फोडून, गॅलरीला जाळी लावून मला पुन्हा तीन फुटांचाच ओटा मिळणार होता.

मी खूप काही बोलू शकले असते. पाच वर्षांचं साठलं होतं. पण हे खुर्चीत बसले, चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "मला वाटलं, तुला नवा ओटा हवाय."

"मी खाली घ्या म्हणत होते."

"हो. म्हणत होतीस." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "ऐकलं होतं मी. मोजलं नव्हतं."

मग हे उठले. सोनबाकडून टेप घेतला आणि मला म्हणाले, "चपला काढ. इथे उभी राहा. हात कोपरात मोड." गुडघे दुखतात यांचे, तरी खाली बसले, टेपचं टोक माझ्या टाचेशी धरलं आणि दुसऱ्या हातानं टेप कोपरापर्यंत आणला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांनी माझं माप पहिल्यांदा घेतलं. शिंप्यानं घेतलं होतं, डॉक्टरांनी घेतलं होतं. मी भिंतीकडे बघत राहिले.

"कोपर साडेतेहतीस इंच. त्याखाली चार सोड. साडेएकोणतीस," हे सोनबाला म्हणाले आणि कानावरची त्याची पेन्सिल घेऊन भिंतीवर स्वतः रेघ मारली.

"मंजी काम चालू का साहेब?"

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. "मी जरा मंडईत जाऊन येतो," म्हणाले आणि पिशवी न घेताच निघून गेले.

संध्याकाळी साडेपाचला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा बाहेर. कधी मंडई, कधी बुधवार पेठेत पुस्तकांची दुकानं, एकदा तर बसनं खडकवासल्याला जाऊन धरणाचं पाणी बघून आले, तेही मे महिन्यात, जेव्हा तिथे बघण्यासारखं पाणी नसतं. काम चाललं तितके दिवस दहा ते साडेपाच हे घरात नव्हते. उरलेली चार बिलं मी टेबलावर ठेवायचे, हे ती न बघता त्यांवर पेपर ठेवायचे. घरात तुकडे पडत होते आणि घरातले अधिकारी जागेवर नव्हते. यांचं तत्त्व यांनी असं उन्हातान्हात हिंडवून सांभाळलं. दुसऱ्या दिवसापासून मी यांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि कांदा ठेवू लागले.

चौदा मेला ओटा झाला. सोळाला बुद्धपौर्णिमा होती. सोसायटीतल्या सोळा घरांना खीर वाटायची म्हणून मी मोठं पातेलं काढलं, शेगडीवर ठेवलं आणि दूध ओतलं. मला दूध दिसत होतं. जमिनीवर पाय टेकून उभी होते आणि दूध, त्यावर धरत आलेली साय, कडेला येणारे बुडबुडे, सगळं मला वरून दिसत होतं. फेब्रुवारीपासून मी दूध वासावर आणि आवाजावर ओळखत होते. रोहन आणि चैताली आले होते. रोहन ओट्याशी वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे लो झालंय थोडं."

"तुला कुणी बोलावलंय इथे?" मी म्हटलं. "मथुराबाईंना फोन कर आणि नको म्हणून सांग."

त्यानं तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून सांगितलं.

खीर वाटून झाली, पोरं गेली. हे फाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. ओट्यावर हाताचा तळवा ठेवला, उडालेला कोपरा शोधून काढला, त्यावर बोट फिरवलं आणि फाइल माझ्यापुढे उघडली. सहावं अंदाजपत्रक होतं, एकाच पानाचं. बाथरूम नव्हतं, जाळी नव्हती. सात बाबी नव्हत्या, एकच होती. काळ्या दगडाचा ओटा, लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट, उंची चंद्रभागेप्रमाणे. एकूण रुपये दहा हजार नऊशे तीस फक्त. मंजूर, आणि खाली यांची सही.

मला नावानं हाक मारायची यांची पद्धत नाही, अगं म्हणतात. मी ती ओळ दोनदा वाचली.

"अर्जदार म्हणून इथे सही कर," हे म्हणाले.

मी पेन घेतलं, तेव्हा तारीख दिसली. सहा मे. सोनबानं घाव घातला त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे काम सुरू होण्याआधीच सगळं एकत्र, रीतसर मंजूर झालेलं होतं. तुकडे कुणी पाडलेच नव्हते. एका सहीसाठी गडचिरोलीला गेलेल्या माणसानं कागदावर खोटी तारीख टाकली होती, आणि सवय नसल्यामुळे ती धड लपवताही आली नव्हती. शाई अजून ओली होती.

मी पदर सावरून धरला, शाई पुसली जाणार नाही अशी सही केली आणि यांच्यासाठी खिरीची वाटी भरली.